गावाच्या वर्गणीतून शिकलेला ओबी

दळण, पाणी, जनावरं सगळं उरकून बसला असाल, नसेल उरकलं तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज आम्ही एका पोराची गोष्ट सांगणार आहोत. पोरगा आपल्याकडचा नाही, आफ्रिकेतला. तिथं नायजेरिया नावाचा देश आहे, त्याच्या पूर्व भागात इग्बो लोक राहतात, त्यांच्यातला. नाव ओबी ओकोंक्वो. ही गोष्ट पुस्तकातली आहे. चिनुआ अचेबे या लेखकानं ती लिहिली आणि १९६० साली छापून आली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला नायजेरिया इंग्रजांच्या ताब्यातून मोकळा झाला. पुस्तकाचं नाव ‘नो लाँगर ॲट ईझ’, म्हणजे आता जिवाला स्वस्थता उरली नाही, असं काहीसं. अचेबे स्वतः इग्बो. १९३० चा जन्म, वडील मिशनचे धर्मशिक्षक. त्यामुळे घरातलं दुखणं घरातल्या माणसानं सांगावं तशी ही गोष्ट आहे.

एवढ्या लांबची गोष्ट कशाला, असं तुमच्यातली एखादी म्हणेल. आम्हीही आधी तेच म्हणालो होतो. पण ही गोष्ट सुरू होते वर्गणीपासून, आणि वर्गणी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

ओबीचं गाव उमुओफिया. गावातली बरीच माणसं पोटासाठी लेगॉसला गेलेली. लेगॉस म्हणजे तेव्हाची राजधानी, समुद्राकाठचं मोठं शहर. मुंबईत आपल्या गावाकडची मंडळी जशी गावाच्या नावानं मंडळ काढतात, तसं या लोकांनीही मंडळ काढलं होतं. उमुओफिया प्रगती मंडळ म्हणू या. त्यांनी ठरवलं, आपल्यातलं हुशार पोर विलायतेला शिकायला पाठवायचं. कुणी कारकून, कुणी कामगार, पण पोटाला चिमटा काढून सगळ्यांनी पैसे भरले. पहिला मान ओबीला मिळाला. सगळ्या प्रांतात पहिला आलेला पोरगा. त्याच्यावर मंडळानं ८०० पौंड खर्च केले.

आता नीट ऐका. याला नाव दिलं शिष्यवृत्तीचं, पण होतं ते कर्ज. नोकरी लागली की चार वर्षांत फेडायचं. आणि फेडण्याच्या वर आणखी एक अपेक्षा होती, ती कागदावर नव्हती. शेजारच्या गावांशी जमिनीचे तंटे होते. ओबीनं वकील व्हावं आणि ते खटले लढवावेत, असं मंडळाच्या मनात होतं. ओबी तिकडे गेला आणि त्यानं इंग्रजी साहित्य घेतलं. मंडळी चिडली, मग गप्प बसली. वकील नाही तर नाही, साहेबाच्या जागेवर तर बसेल.

आमच्यात यावरून वाद झाला. एक म्हणाली, पैसे घेतले होते तर त्यांचं ऐकायला नको होतं का? दुसरी म्हणाली, पैसे शिकायला दिले होते, पोरगा विकत नव्हता घेतला. हा वाद आमचा अजून मिटलेला नाही. तुमच्या बैठकीत तुम्ही घालून बघा.

ओबीच्या घरचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याचा आजा ओकोंक्वो, गावातला नावाजलेला पैलवान, जुन्या देवांना मानणारा. गोरे लोक आले, त्यांचा धर्म आणि त्यांचं कोर्ट आलं, आणि त्या झगड्यात आज्यानं गळफास घेतला. आज्याची गोष्ट अचेबेच्या आधीच्या पुस्तकात आहे, १९५८ च्या. त्या आज्याचा मुलगा, म्हणजे ओबीचा बाप, घर सोडून मिशनमध्ये गेला होता. बाप वारल्याचं कळलं तरी तो घरी गेला नाही. म्हणजे या घरात बापलेकाची एक ताटातूट आधीच होऊन गेली होती. बाप पुढे धर्मशिक्षक झाला, आयझॅक नाव घेतलं. जुन्या देवाचा नैवेद्य आपल्या पोरांनी दुसऱ्याच्या घरी तोंडात घालू नये म्हणून तो जपायचा. पोरांना जुन्या गोष्टी सांगायलाही त्याची मनाई होती.

आई हॅना. आम्हाला सगळ्यात जास्त आवडली ती ही आई. शाळेत मास्तर पोरांना गोष्ट सांगायला लावायचे, ओबीला एकही येत नव्हती, पोरगं रडकुंडीला आलं. तेव्हा बाप बाहेर गेल्यावर आईनं त्याला हळूच एक गोष्ट सांगितली. आणि हीच बाई एकदा काय करून बसली? देवाला सोडलेला बोकड गावात मोकाट फिरायचा, ज्याच्या त्याच्या घरात तोंड घालायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. एके दिवशी तो हिच्या स्वयंपाकघरात शिरला आणि शिजवायला काढलेलं कंद खाऊन गेला. हिनं कोयता घेतला आणि त्याची मुंडी उडवली. गाव खवळलं. बाजारात बायकांनी काही दिवस तिच्याकडून घेणं आणि तिला देणं बंद केलं. तरी बाई हलली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच आई काय म्हणते ते ऐकायचं आहे.

चार मुलींच्या पाठीवर झालेला हा पोरगा. त्याचं पूर्ण नाव ओबियाजुलू, म्हणजे मन एकदाचं निवांत झालं. कुणाचं मन, तर बापाचं. आपल्याकडे नकोशी नाव ठेवलेल्या किती मुली आपण पाहिल्या आहेत. हे त्याच्या उलटं नाव, पण पोराच्या मानेवर पहिल्या दिवसापासून ओझं ठेवणारं.

तर ओबी शिकून परत आला. मंडळानं जंगी सत्कार ठेवला. सगळे कडक कपड्यांत, चिटणिसानं अवघड इंग्रजीत मानपत्र वाचलं. आणि आमचा ओबी आला साध्या सदऱ्यात, बोलला साधं सरळ. लोक नाराज झाले. एवढे पैसे घातले आणि पोरगा सुटाबुटात नाही, इंग्रजीही आपल्याला कळतंय असलं! इथूनच कळतं की मंडळाला त्याच्यात काय पाहायचं होतं.

नोकरी चांगली लागली. शिष्यवृत्ती मंडळाचा सचिव, सरकारी, वरच्या श्रेणीतली. म्हणजे कुणाच्या पोरानं विलायतेला शिकायला जायचं, याचे कागद ह्याच्या टेबलावरून जाणार. मुलाखतीतच एकानं त्याला विचारलं होतं, नोकरी कशाला हवी, लाच खायला का? ओबीला फार राग आला होता. त्याचं एक पक्कं मत होतं. लाच खातात ती जुनी, कमी शिकलेली माणसं. खालून वर चढताना त्यांनी प्रत्येक पायरीवर लाच दिलेली असते, म्हणून वर गेल्यावर ती घेतात. आपल्यासारखे शिकलेले तरुण थेट वर आले की हे सगळं थांबेल.

मत चांगलं होतं. पण लॉरीतून गावी जाताना काय झालं बघा. वाटेत पोलिसांनी गाडी अडवली. ड्रायव्हरचा क्लीनर नेहमीप्रमाणे दोन शिलिंग हातात ठेवायला गेला. ओबी टक लावून बघत राहिला. पोलिसाला वाटलं, हा कोण साहेब बघतोय? त्यानं हात मागे घेतला आणि कागद तपासून खोट काढली. गाडी पुढे नेऊन थांबवली आणि क्लीनर मागे धावत गेला, तेव्हा दोनाचे दहा शिलिंग झाले होते. सगळी गाडी ओबीवर तुटून पडली, तू बघायचं काय कारण होतं? वाचताना आम्हाला हसू आलं. मग आमच्यातल्या एकीला तलाठ्याकडच्या खेपा आठवल्या आणि हसू बंद झालं.

आता हिशोब. गटाची वही लिहिता तशी मनात लिहा.

ओबीचा पगार महिन्याला पन्नास पौंडांच्या जरा आत. गावाकडच्या माणसाला हा आकडा ऐकून भोवळ यावी. त्यातून २० पौंड मंडळाचा हप्ता. १० पौंड आईबापांना, कारण बापाची पेन्शन ती काय असणार. उरले वीसच्या आत. त्यात धाकट्या भावाची शाळेची फी. त्यात गाडीचे पैसे, कारण साहेबाला गाडी लागते, आणि सरकार त्यासाठी उचल देतं. राहायला घर इकोयी भागात, जिथं आधी फक्त गोरे राहायचे. तिथं नोकर आला, फ्रीज आला. विजेचं बिल आलं पाच पौंडांच्या वर. मग ओबीनं नोकराला सांगितलं, फ्रीज संध्याकाळी सातला बंद करायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला चालू करायचा. नोकर म्हणाला, मांस नासेल ना. तर म्हणे जास्त आणायचंच नाही. पन्नास पौंडवाल्या साहेबाच्या घरात ही तऱ्हा.

वर्षभरानं गाडीचा विमा आला, चाळीसेक पौंड. खात्यात तेवढे नाहीत. बँकेकडून ५० पौंडांची उचल घेतली. मग प्राप्तिकर. एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं, हे आपल्याला नवीन नाही. घरोघरी कर्ज देणाऱ्या कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढलेल्या बायका आपल्या गावात आहेत.

यात कुणाचं चुकलं, असं विचाराल तर एकाकडे बोट दाखवता येत नाही. मंडळाचे पैसे त्यांच्या घामाचे होते. आईबापांना पैसे पाठवणं ही त्यांच्या समाजाची रीतच, आपलीही. धाकट्याला शिकवायचं हे ओघानंच आलं. गाडी आणि बंगला ही साहेबी नोकरीची रीत. ती रीत बसवली होती गोऱ्यांनी, गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. ज्याच्या पाठीशी गावाचं मंडळ नाही, भावाची फी नाही, गावचं घर नाही, अशा माणसाच्या मापानं ती शिवलेली होती. हे दोन्ही खर्च एकाच पगारातून निघणार नाहीत, एवढी साधी बेरीज कुणी केली नाही. मंडळ म्हणायचं, आमचा पोरगा साहेब आहे, साहेबासारखा राहू दे. आणि साहेबासारखं राहून हप्ताही वेळेवर येऊ दे.

ओबीनं स्वतः ती बेरीज कुणासमोर मांडली नाही, हे मात्र त्याचं. जिच्याशी लग्न करायचं होतं तिलासुद्धा बँकेच्या उचलीचं सांगितलं नाही. तिला ते उशिरा कळलं आणि फार लागलं. तरी तिनं साठवलेले ५० पौंड आणून त्याच्या हातात ठेवले. ते पैसे त्यानं गाडीच्या पुढच्या खणात ठेवले, मित्राबरोबर नाच बघायला गेला, आणि चोरीला गेले. नर्सच्या पगारातून साठवलेले पैसे. आम्ही पुस्तकातल्या माणसाला शिव्या दिल्या.

ती म्हणजे क्लारा. लंडनला नर्सिंग शिकून आलेली. बोटीतून परत येताना दोघांचं जमलं. ओबीनं लग्नाचं काढलं तेव्हा ती रडायला लागली. म्हणाली, मी ओसू आहे.

ओसू म्हणजे काय ते सांगतो. इग्बोंमध्ये पूर्वी काही माणसं देवाला वाहिली जायची. एकदा वाहिलं की तो माणूस, त्याची मुलं, नातवंडं, पणतवंडं सगळी ओसू. त्यांनी मोकळ्या माणसांत लग्न करायचं नाही. राहायचं वेगळं, मेल्यावर पुरायचंही वेगळं. देवाला सोडणं म्हटल्यावर तुम्हाला जोगतिणी, मुरळ्या आठवतील, आणि वेगळं पुरणं म्हटल्यावर आपल्याकडची वेगळी मसणवटी आठवेल. तंतोतंत तसं नाही, पण वेदना ओळखीची आहे. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की मिशनवाल्यांनी ओसूंना चर्चमध्ये घेतलं होतं. नायजेरियाच्या पूर्व भागात १९५६ साली ओसू प्रथा बंद करणारा कायदाही झाला. कायदा आला म्हणून लग्न जुळवणारांच्या मनातून ओसू गेले नाहीत.

ओबी म्हणाला, हे सगळं जुनं खूळ आहे, मी लग्न करणार. दुसऱ्याच दिवशी अंगठी घेऊन आला. पण त्याच्या मित्रानं मंडळाच्या अध्यक्षाच्या कानावर घातलं, आणि गावी पत्रही लिहिलं. हा मित्र वाईट नव्हता. लेगॉसला नवीन आलेल्या ओबीला त्यानंच आसरा दिला होता. त्याला खरोखर वाटत होतं की आपण याला खड्ड्यातून वाचवतोय.

मग मंडळाची बैठक झाली. ओबीनं हप्त्याला चार महिन्यांची मुदत मागितली होती आणि मंडळींनी ती दिली. मोठ्या मनानं दिली, हे सांगितलं पाहिजे. आणि मग अध्यक्षानं, बापाच्या मायेनं, त्या मुलीचा विषय काढला. ओबी ताडकन उठला. म्हणाला, मुदत नको, हप्ता याच महिन्यापासून घ्या. आणि निघून गेला. तिथं त्याच्या मानाला किंमत मिळाली, पण हिशोबाची वही उघडीच राहिली.

तो गावी गेला. बाप धर्मशिक्षक, म्हणून ओबीला वाटलं बाप समजून घेईल. देवापुढे सगळे सारखे, हे यांनीच तर शिकवलं. बाप म्हणाला, ओसू म्हणजे लोकांच्या मनात महारोगासारखं आहे, ते तुझ्या पोराबाळांना चिकटेल. ज्या माणसानं जुन्या धर्मापायी जन्मदात्या बापाकडे पाठ फिरवली, तो या एका गोष्टीपाशी अडला. ओबीनं वाद घातला, पुष्कळ घातला, आणि बापाशी निदान वाद तरी घालता आला.

आईशी वाद नव्हताच. ती आजारानं वाळून गेलेली, अंथरुणाला खिळलेली. तिनं आधी एक स्वप्न सांगितलं. अंथरुणावर पांढरं वस्त्र घालून ती झोपली आहे, आणि वाळवीनं अंथरूण पोखरून टाकलं आहे. जाग आली आणि त्याच दिवशी मित्राचं पत्र आलं. मग म्हणाली, तुला त्या मुलीशी लग्न करायचं असेल तर मी मरेपर्यंत थांब. माझ्या जिवंतपणी केलंस तर मी जीव देईन, आणि माझं रक्त तुझ्या डोक्यावर राहील.

देवाच्या बोकडाची मुंडी उडवणारी बाई ही. आम्ही या पानावर बराच वेळ थांबलो. बोकडाला ती भ्यायली नाही, मग इथं का भ्यायली? आमचं मत असं की बोकडाच्या वेळी तिच्या पाठीशी मिशन होतं, साहेबाचं राज्य होतं, आणि जे काही भोगायचं ते तिचं तिला भोगायचं होतं. इथं तसं नव्हतं. नातवंडांशी सोयरीक कोण करणार, मुलींच्या घरी काय बोलतील, हे तिला दिसत होतं. बाईला स्वतःसाठी धाडस करता येतं, पोरांच्या लग्नाचं आलं की हातपाय गळतात. हे आम्ही तिची बाजू घेऊन सांगत नाही. तिनं क्लारावर अन्यायच केला. पण तिची भीती आमच्या ओळखीची आहे.

ओबी तिथं मोडला. लहानपणची एक गोष्ट त्याला नेहमी आठवायची. त्यानं खिशात गंजकं ब्लेड ठेवलं होतं, आईनं कपडे धुताना हात कापून घेतला, आणि रक्तानं भरलेला हात घेऊन ती घरी आली. त्या रक्ताशी तो बांधलेला होता. तो लेगॉसला परत आला आणि क्लाराला म्हणाला, सध्या काही दिवस थांबू या.

थांबू या! क्लारानं अंगठी काढून त्याच्या हातात दिली. उतरताना तिनं आडून सुचवलं की तिला दिवस गेले आहेत.

पुढचं आम्ही थोडक्यात सांगतो. तिथं तेव्हा गर्भपात बेकायदा होता. एका म्हाताऱ्या डॉक्टरनं नाही म्हटलं, एका तरुणानं ३० पौंड रोख मागितले, पावती नाही. तिला गाडीत घालून नेत होते तेव्हा ओबीला वाटलं धावत जाऊन थांबवावं, लग्न करू म्हणावं. गाडी शोधत फिरला, सापडली नाही. क्लारा फार आजारी पडली, दवाखान्यात ठेवावी लागली. तो भेटायला गेला तेव्हा तिनं त्याला पाहून भिंतीकडे तोंड केलं. (आपल्याकडे १९७१ पासून या बाबतीत कायदा आहे, चोरून कुणाकडे जायची गरज नाही, सरकारी दवाखान्यात विचारा. हे आम्ही दर वेळी सांगतो, आजही सांगून ठेवतो.)

क्लाराचे ५० पौंड परत करायला त्यानं एका ओळखीच्या मंत्र्याकडून उसने आणले होते. एकूण देणी केवढी झाली ते मोजून बघा.

मग आई वारली. तो मातीला गेला नाही. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, आणि जाण्यायेण्याचा खर्च करण्यापेक्षा तेच पैसे पाठवलेले बरे, असा त्यानं हिशोब केला. आयुष्यात पहिल्यांदा नीट हिशोब केला तो हा, आणि तोच लोकांना सगळ्यात जास्त खटकला. मंडळातली माणसं सांत्वनाला आली खरी, पण कुजबुज झाली. याचा बापही बापाच्या मरणाला गेला नव्हता, रक्तातच आहे, असं कुणीतरी बोललंच. ओबी त्या रात्री रडला आणि झोपला. सकाळी उठला तेव्हा त्याला आत कसलंच ओझं वाटेना. आम्हाला हे पान सगळ्यात भयंकर वाटलं.

त्यानंतर तो लाच घ्यायला लागला. आधी त्यानं एकाला हाकलून दिलं होतं. त्या माणसाची बहीण स्वतः घरी आली, काय देऊ करायला आली ते सांगायला नको, तिलाही परत पाठवलं होतं. तोच माणूस आता टेबलावरच्या नोटांकडे बघत बसायचा. फक्त एक नियम पाळायचा, ज्याची पात्रता नाही त्याचं काम करायचं नाही. बँकेची उचल फिटली, मंत्र्याचे पैसे फिटले. आता बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सवय होते म्हणतात, त्याला झाली नाही. प्रत्येक वेळ आधीपेक्षा जड गेली. शेवटचे आले २० पौंड, आणि त्या नोटांवर पोलिसांच्या खुणा होत्या.

वीस पौंड. मंडळाचा एक हप्ता.

खटला पाहायला गर्दी उसळली. काही सरकारी नोकरांनी तर दहा शिलिंग देऊन डॉक्टरकडून आजारपणाचा खोटा दाखला आणला आणि रजा टाकून लाचखोराचा खटला बघायला आले. जज्जसाहेबांनी विचारलं, एवढं शिक्षण, एवढी आशा असलेला तरुण असं कसं करतो, हे कळत नाही. ओबी तोवर निर्विकार उभा होता, त्या शब्दांना मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या साहेबाला, मिस्टर ग्रीनला, ते लगेच कळलं होतं. त्याचं म्हणणं, आफ्रिकेचा माणूसच मुळात भ्रष्ट. हाच मिस्टर ग्रीन आपल्या नोकराच्या पोरांची शाळेची फी स्वतः भरत होता, हेही अचेबेनं लिहून ठेवलं आहे. माणूस एका रंगात रंगवायचा नाही, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं.

मंडळाची काय प्रतिक्रिया झाली? लाच घेतली याचं काही जणांना दुःख नव्हतं, फक्त वीस पौंडांसाठी घेतली याचं होतं. साहेब माणूस जेलात जायचा तर रक्कम तरी मोठी असावी! ही माणसं दुष्ट नाहीत, मैत्रिणींनो. परक्या शहरात चार पैसे मिळवायला आलेली, सरकार म्हणजे आपलं नव्हेच अशी समजूत असलेली. सरकारच्या तिजोरीला हात लावणं आणि मंडळाच्या पेटीला हात लावणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी पापं होती. पेटीतला एक शिलिंग कुणी हलवला असता तर त्यांनी सोडलं नसतं.

क्लारा दवाखान्यातून सुटली आणि रजा घेऊन कुठंतरी निघून गेली. पुस्तक पुढं तिच्याबद्दल काही सांगत नाही. आम्ही चौघींनी पान उलटून उलटून पाहिलं.

ओबी पकडला गेला तेव्हा खटल्याआधी मंडळाची तातडीची बैठक झाली होती. एक जण म्हणाला, याच्यासाठी ८०० पौंड घातले, यानं एका पोरीपायी आपला अपमान केला, आणि आता पुन्हा याच्यासाठी पैसे काढायचे? बोलणं खरं होतं. अध्यक्ष म्हणाले, खरं आहे, पण आपला माणूस अडचणीत असताना आधी त्याला सोडवायचं, दोष नंतर द्यायचा. आणि वकिलाचे पैसे मंडळाच्या पेटीतून दिले गेले.